ज्या विषयाची आवक कमी

आमच्या घरात सकाळी सगळ्यात आधी ऐकू येतो तो बाबांचा फोनवरचा आवाज. मंगरूळपीरच्या हर्रासात, म्हणजे भाजीच्या लिलावात, त्यांच्या ओळखीचा एक जण, वाशिमला एक, कारंज्याला एक. तिघांनाही ते तेच विचारतात, “आज सांबार किती आला?” सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्यामुंबईच्या माणसाला हे सांगावं लागतं, नाहीतर त्याला इडली आठवते. मग मेथी, मग पालक, मग वांगी. तिन्हीकडची उत्तरं आली की बाबा थोडा वेळ गप्प बसतात आणि उठून बाहेर थांबलेल्या गाडीवाल्याच्या कानाशी जाऊन सांगतात, आज कुठं जायचं ते.

कानाशी, कारण गावातल्या बाकीच्या बागायतवाल्यांचे डोळे आमच्या ओसरीकडे लागलेले असतात. आवक कुठं कमी हे ओळखण्यात बाबांचा हात धरणारा आमच्या भागात कोणी नाही. आसेगावच्या रस्त्याला आमचं वावर आहे, विहिरीला पाणी आहे, माल चांगला निघतो. पण चांगला माल सगळ्यांकडेच निघतो. तो कुठं उतरवायचा, यात बाबांचं डोकं चालतं. “आज कोनीकडे?” असं कोणी विचारलं तर बाबा हसून म्हणतात, “पाह्यतो बापा.” गाडी फाट्याच्या पुढं गेल्याशिवाय खरं सांगत नाहीत. आपण ज्या बाजारात चाललो तिथं सगळे आले तर तिथला भाव पडणारच, हे त्यांना पक्कं ठाऊक.

मी बारावीला असताना आमच्या कॉलेजातल्या एका मॅडमनी मला दूर दक्षिणेतल्या एका विद्यापीठाबद्दल सांगितलं. देशभरातून मुलं येतात, वसतिगृह आहे, प्रवेशपरीक्षा आहे आणि जागा फार थोड्या आहेत. मला मानसशास्त्र शिकायचं होतं. हे वेड मला पुस्तकातून लागलेलं नव्हतं. माझी एक आत्या लग्नानंतर वर्षभरातच बोलेनाशी झाली होती. ती जेवायची, भांडी घासायची, कोणी आलं की पाणी द्यायची, फक्त बोलायची नाही. घरच्यांनी जमेल ते सगळं केलं. पण तिला काय होतंय हे विचारायचं कसं, तेच कोणाला येत नव्हतं. मला ते शिकायचं होतं.

बाबा नाही म्हणाले नाहीत. त्यांनी अट घातली. “तिथं लागलं तर जा. नाही लागलं तर वाशिम. मंग इकडे जा, तिकडे जा, असं करायचं नाही.” अट सरळ होती. त्या विद्यापीठात प्रवेश मिळाला तर मी घराबाहेर पडणार, नाहीतर रोजच्या एसटीनं वाशिमच्या कॉलेजात जाऊन मिळेल ती पदवी घेणार. तिसरी वाट नव्हती. मी हो म्हटलं. मला वाटलं, आपल्याला नक्की मिळेल. तेव्हा मला बऱ्याच गोष्टी नक्की वाटायच्या.

त्या विद्यापीठाचा एक नियम होता. एका वर्षी एकाच विषयासाठी अर्ज करता यायचा. आणि त्यांच्या संकेतस्थळावर एक तक्ता होता : कोणता विषय, किती जागा, मागच्या वर्षी किती अर्ज. एका दुपारी मेथी काढताना मी तो तक्ता मोबाइलवर उघडून बाबांना वाचून दाखवला. माझी हुशारी दाखवायचीच हौस होती, दुसरं काही नाही. मानसशास्त्राच्या अर्जांचा आकडा ऐकून बाबांनी हातातली जुडी खाली ठेवली.

“अजून एक डाव वाच.”

मी परत वाचला.

“अन् जागा?”

जागा सांगितल्या. बाबा मातीकडे पाहत बसले. रोज सकाळी फोन ठेवल्यावर बसतात तसेच.

“सर्वात कमी आवक कायची हाये?”

“अर्ज म्हणा बाबा. आवक काय?”

“तेच. कायले कमी आले?”

मी बोट खाली सरकवत गेले. “भाषाविज्ञान.”

“ते काय असते?”

“भाषा कशी तयार होते, माणसं कशी बोलतात, त्याचा अभ्यास.”

आई पलीकडच्या सरीत होती. ती तिकडूनच म्हणाली, “इले बोलनं शिकाची काय गरज? तोंड बंद ठेवाचं शिकवत असतीन त आजच पाठवा.”

बाबा हसले नाहीत. “मानसशास्त्रात लय माल येऊन राह्यला,” ते म्हणाले. “एवढ्या ढिगात तुही जुडी कोन उचलून पायते? तुहा माल चांगला हाये, पन ढिगात चांगला माल बी दबते. आवक कमी हाये तिथं जा.”

मी वाद घातला. माझ्या स्वभावाप्रमाणे जरा मोठ्यानंच. विषय बदलायचा म्हणजे बाजार बदलण्याइतकं सोपं नाही, मेथी कारंज्यात गेली तरी मेथीच राहते, माझं तसं नाही, असं बरंच काही बोलले. बाबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “पहिले आत तर घूस. आतमंदी गेल्यावर पाह्यता येते.” आत गेल्यावर विषय बदलता येतो की नाही हे त्यांनाही माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. पण संध्याकाळी मी एकटी बसून भागाकार केला. अर्जांना जागांनी भागलं. दोन्ही विषयांची उत्तरं शेजारी शेजारी ठेवली. बाबांचं बोलणं आणि माझं गणित एकाच ठिकाणी येत होतं. अंक काही खोटं बोलत नाहीत, असं मला शाळेपासून शिकवलेलं. मी भाषाविज्ञान भरलं.

परीक्षा सगळ्या विषयांना एकच होती, ती अकोल्याला झाली. बाबा बरोबर आले होते. केंद्राबाहेर झाडाखाली बसून त्यांनी दुसऱ्या मुलांच्या वडिलांना विचारून घेतलं की तुमच्या पोराचा विषय कोणता. बाहेर आल्यावर मला म्हणाले, “भाषावालं कोनीच नाही भेटलं.” खूष होते. मीही खूष झाले. त्या वेळी असं कोणाच्याच लक्षात आलं नाही की अकोल्याच्या एका झाडाखाली बसलेली माणसं म्हणजे देश नव्हे.

मार्क चांगले आले. मॅडम म्हणाल्या, यात होऊन जाईल. आईनं कोणाला न सांगता एक मोठी बॅग आणून ठेवली.

प्रवेशाच्या याद्या लागल्या तेव्हा मी मंगरूळपीरच्या स्टँडवर होते. घरी मोबाइलवर नेट धड चालत नाही, म्हणून मुद्दाम गेले होते. भाषाविज्ञानाच्या निवड यादीत मी नव्हते. प्रतीक्षा यादीतही नव्हते. प्रत्येक विषयाची यादी किती मार्कांवर थांबली, तेही खाली दिलं होतं. भाषाविज्ञान माझ्या बरंच वर थांबलं होतं. मग मी मानसशास्त्राची ओळ पाहिली. ती माझ्या मार्कांच्या खाली थांबली होती. थोडीथोडकी नव्हे, चांगली खाली.

मी ती ओळ वाचली, मोबाइल पिशवीत टाकला आणि स्टँडसमोर जाऊन आलुबोंडा खाल्ला. चटणी चांगली होती. आसेगावची एसटी लागली, मी चढले, खिडकीची जागा मिळाली. मला काहीच वाटत नव्हतं. मी वाट पाहत होते की आता रडू येईल, आता येईल. कंडक्टरनं सुटे पैसे मागितले, मी दिले. गाव आलं, उतरले.

बाबा ओसरीवर होते. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळायला हवं होतं, पण चेहऱ्यावर काही नव्हतंच. मी सांगितलं, “नाही झालं.”

त्यांनी मग विचारलं, “अन् तुह्या मनातलं? ते मानसशास्त्र? त्याचं कुठवर आलं?”

हा प्रश्न ते विचारतील असं मला वाटलं नव्हतं. आमच्याकडे एका बाजारात माल पडला की दुसरीकडे काय भाव निघाला हे बाबा कधीच विचारत नाहीत. त्या दिवशी विचारलं. एक हात गुडघ्यावर होता, तो गुडघा दाबत होता. मी म्हटलं, “ते त अजूनच वर गेलं.”

“मंग बरोबर हाये,” बाबा म्हणाले. गुडघ्यावरचा हात सुटला. “मंग तिथंबी नसतं झालं.” आईला त्यांनी तेच सांगितलं. आईनं बॅग माळ्यावर टाकली.

वाशिमचं कॉलेज सुरू झालं. सकाळची एसटी, दुपारची एसटी. मी वर्गात बसायची, लिहून घ्यायची, परीक्षेत चांगले मार्क मिळवायची. मैत्रिणी झाल्या. त्यांच्यासोबत हसायची, पण हसू आपलं आपण यायचं आणि जायचं, मी त्यात नसायची. घरी आल्यावर भाजी निवडायची, जुड्या बांधायची, जेवायची. एकदा आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, “तू रडली काहून नाही वं?”

“रडायले काय झालं?”

“तेच म्हनून राह्यली मी. काही त झालंच ना.” मग तिनंच विषय सोडला. मला वाटतं, तिला आत्या आठवली असावी. मलाही आठवली.

त्या महिन्यांत मी एक काम मात्र मन लावून केलं. तो तक्ता समजून घेतला. प्रवेश न मिळालेल्या मुलांचे मोबाइलवर गट असतात. त्यात लोक एकमेकांना धीर देतात आणि कोणाचा धीर किती सुटला ते मोजतात. तिथं वाचून वाचून मला एकेक गोष्ट उलगडली. आकड्यातला प्रत्येक अर्ज म्हणजे एक येणारा माणूस नसतो. एकच पोरगी दहा विद्यापीठांत अर्ज करते, दहाही ठिकाणच्या आकड्यात तीच असते आणि जाते एका ठिकाणी. मेथीची जुडी एकाच वेळी वाशिमलाही आणि कारंज्यालाही उतरलेली असू शकत नाही. अर्ज असू शकतो. मानसशास्त्राला आलेल्या त्या डोंगरातले कितीतरी लोक नुसतेच टाकून पाहणारे होते. कोणी परीक्षेलाच आले नाहीत, कोणाला आधीच दुसरीकडे लागलं होतं. बाबांना बाजारात जो ढीग दिसतो तो खरा असतो, हात लावून पाहता येतो. हा ढीग तसा नव्हता.

आणि कमी अर्जांचा अर्थ कमी चुरस असाही नसतो. भाषाविज्ञानाला आधीपासून जे थोडे लोक यायचे, ते तेच हवं म्हणून येणारे, तयारीचे. निवडलेला माल. त्यांच्यात मी विषयाचं नाव नुकतंच ऐकून गेलेली.

पण सगळ्यात मोठी गोष्ट कळली ती दुसऱ्या राज्यातल्या एका मुलीकडून. तिलाही मानसशास्त्र हवं होतं, तिनंही भाषाविज्ञान भरलं होतं, तिलाही नाही मिळालं. का भरलं म्हणून मी विचारलं. तिनं लिहिलं, मागच्या वर्षी तिथं अर्ज सगळ्यात कमी होते ना, म्हणून. तिच्याखाली आणखी एकानं लिहिलं, मीही. मग आणखी एकानं. मी बसल्या जागी बसून राहिले. बाबा गाडीवाल्याच्या कानाशी का बोलतात, हे मी जन्मापासून पाहत आले होते. आणि त्या विद्यापीठानं तीच गोष्ट साऱ्या देशासमोर भिंतीवर लिहून ठेवली होती. सगळ्यांनी ती वाचली आणि सगळ्यांनी गाड्या तिकडेच वळवल्या. मानसशास्त्राचा बाजार त्या दिवशी मोकळा राहिला. हे बाबांच्या लक्षात यायला पाहिजे होतं. दुसऱ्या कोणाच्या नाही आलं तरी चाललं असतं, बाबांच्या यायला पाहिजे होतं. मला त्यांचा राग यायला हवा होता. मी शोधला, सापडला नाही.

बाबा मात्र आपल्या परीनं माझी बाजू सावरत होते. लग्नात, बाजारात, एसटीत कोणी विचारलं की सांगायचे, “थोडक्यात गेलं जी. पोरगी हुशार हाये, पन जराशी कमी पडली. लय मोठं विद्यापीठ हाये ते.” एकदा मी त्यांच्या मागच्याच सीटवर होते, मांडीवर वांग्यांची पिशवी घेऊन. समोरच्या माणसानं मागं वळून माझ्याकडे कनवाळू नजरेनं पाहिलं. मी पिशवीचं तोंड बांधलं.

असं दीड वर्ष गेलं. मग माझ्या काकांच्या मुलीची बारावी आली. ती माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, आमच्या शेजारीच राहते, बडबडी. वावरात नांगरट झाली की खापराचे तुकडे वेचत हिंडते आणि हे कोणत्या काळातलं म्हणून सगळ्यांचं डोकं खाते. तिलाही त्याच विद्यापीठात जायचं होतं, इतिहास शिकायला. काकांनी तिला बाबांकडे पाठवलं. आवकेचं दुसऱ्या कोणाला विचारणार?

दुपार होती. बाबा ओसरीवर पालकाच्या जुड्या बांधत होते, मी बांधलेल्यांवर पाणी मारत होते. ती मोबाइल घेऊन त्यांच्यासमोर मांडी घालून बसली.

“मोठेबाबा, इतिहासाले लय अर्ज हायेत. काय करू?”

“कमी कायले हायेत ते वाच,” बाबा म्हणाले.

ती वाचायला लागली. पहिला विषय वाचला, दुसरा वाचला. तिसऱ्याला बाबांनी मान डोलावली. “हे पाह्य. हे भर. पहिले आत घूस.”

“पन मले ते काय हाये तेच माहीत नाही.”

“आतमंदी गेल्यावर कळते.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. “ताई, हेच भरू?”

मी म्हटलं, “नको.”

माझ्या हातातला तांब्या भरलेला होता, तो खाली ठेवला. बाबांनी वर पाहिलं. “काहून?”

“हा आकडा सगळ्यांनी पाह्यला, बाबा. तुमी कोठी चालले ते तुमी कोनाले सांगत नाही. हे साऱ्याईले सांगतात. मंग सारे तिकडेच जातात.” मी सरळ बोलत होते, आवाज न चढवता, आणि त्याचंच मला नवल वाटत होतं. “माह्या वेळी तेच झालं.”

बाबांचे हात जुडीवर थांबले. ते मुळातच हळू बोलणारे, पण त्यांना समजायला वेळ लागत नाही. आवकेच्या गोष्टी तर बोलायच्या आधी समजतात.

“तुह्या वेळी,” ते म्हणाले, “ते मानसशास्त्र कुठवर आलं होतं?”

काकांची पोरगी आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहत होती. मी अजूनही म्हणू शकले असते की वरच गेलं होतं. मग तिनं तो तिसरा विषय भरला असता.

“माह्या खाली,” मी म्हटलं.

“किती?”

“चांगलं खाली.”

“म्हनजे तू बसत होती.”

“हो.”

बाबांनी अर्धी बांधलेली जुडी मांडीवरून बाजूला ठेवली. मला वाटलं ते विचारतील, मग खोटं काहून बोलली. मी उत्तरही तयार केलं होतं. त्यांनी ते विचारलं नाही.

“मी त साऱ्या गावाले सांगतलं,” ते म्हणाले, “का माही पोरगी कमी पडली म्हून.”

“हो,” मी म्हटलं. “मी ऐकलं.”

आणि मग मला रडू आलं. स्टँडवर नाही आलं, एसटीत नाही आलं, ते ओसरीवर भरदुपारी आलं, चुलतबहिणीसमोर, आवाज करून. आई आतून पिठाच्या हातांनी धावत आली आणि काय झालं, काय झालं म्हणून विचारू लागली. बाबा उठून माझ्याजवळ आले. त्यांना काय करावं सुचेना, त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवून आईला सांगितलं, “पोरगी कमी नोती पडली वं. मी पडलो.”